केक भाजून होईपर्यंत

अजयचा फोन आला तेव्हा मी दुपारची जेवणं आटोपून ओटा पुसत होते. "आत्या…" एवढंच म्हणून तो थांबला आणि त्या थांबण्यातच मला कळलं. सौंसरहून दुपारच्या वेळी त्याचा फोन कधी येत नाही. "आई गेली," तो म्हणाला. सगळ्यात आधी माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून तो गोंधळलाच असणार. मी विचारलं, "आगीनं नाही ना रे?" तो म्हणाला, "नाही आत्या, आग कशाची? पुढच्या खोलीत खुर्चीत बसली होती. चहा घेतला, पेपर मागितला. मी पेपर घेऊन आलो तर मान एका बाजूला…" तेव्हा कुठे मला रडू आलं. रडता रडता एक विचित्र सुटका वाटत होती. इंदूवहिनी साठी ओलांडून, आपल्या घरात, खुर्चीत बसल्या बसल्या गेली. तिला आयुष्यभर जी भीती होती ती खरी झाली नाही.

ती भीती काय होती हे अजयला ठाऊक नाही. त्याच्या पिढीला ठाऊक नसावी हेच बरं. पण वहिनी जाऊन आता काही आठवडे झाले, आणि मला वाटतं, कुणीतरी हे लिहून ठेवलं पाहिजे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या भावाचं लग्न झालं आणि वहिनी आमच्या सौंसरच्या घरात आली. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला, भाऊ तालुक्याच्या कचेरीत, मी शाळेत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं तिला चहा ठेवायला सांगितलं. रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह होता आमच्याकडे, नुकताच घेतलेला, आईच्या कौतुकाचा. वहिनी त्याच्यासमोर बसली. हातात काडेपेटी. बराच वेळ झाला तरी भर्रर आवाज येईना म्हणून आईनं डोकावून पाहिलं.

"काय वं, पेटवता येत नाही काय तुले?"

"येते," वहिनी म्हणाली. "पण मी नाही पेटवत."

डबीतल्या काड्या तिच्यासमोर खाली सांडल्या होत्या. आई चिडली, मग स्वतःच चहा ठेवून बाहेर आली. त्या दिवशी संध्याकाळी भावानं आईला सगळं सांगितलं. वहिनीची मोठी बहीण कमल. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत सासरी जळून मेली. स्टोव्हचा भडका उडाला, एवढंच सासरच्यांनी कळवलं होतं.

त्या काळात हे वाक्य पेपरच्या कोपऱ्यात सारखं छापून यायचं. गाव बदलायचं, नाव बदलायचं, वाक्य तेच. ज्या घरात मुलगी असायची त्या घरातला माणूस ते वाचायचा, पान उलटायचा आणि पोरीकडे एकदा पाहून घ्यायचा. बाबांनी माझ्याकडे तसं पाहिलेलं मला आठवतं. आणि आईची भीती आणखी वेगळीच होती. ती शेजारणीला सांगत नसे की आमची सून स्टोव्हला भिते. लोक काय समजतील? की हिला याच घरात काही… शेवटी आईनंच स्टोव्ह फळीवर चढवून ठेवला आणि मागच्या पडवीतली चूल पुन्हा सारवली. शेगडीसाठी कोळसा आणवला. तोंडानं मात्र ती कितीतरी दिवस कुरकुरत राहिली.

शेगडीला वहिनी भीत नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "निखारा जागच्या जागी राह्यते, शोभा. अंगावर धावून येत नाही."

त्या शेगडीवरच तिनं आम्हाला पहिल्यांदा केळ्याचा केक करून घातला. छिंदवाड्याला शिकत असताना वसतिगृहाच्या बाईंनी तिला शिकवला होता. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी केळीवाला काळी पडलेली केळी मातीमोल देऊन टाकायचा. ती घ्यायची, हातानंच कुस्करायची, त्यात किसलेला गूळ, थोडं तेल, मग कणीक आणि शेवटी चिमूटभर खाण्याचा सोडा. बस. अंडं नाही, लोणी नाही, बाजारातून मुद्दाम आणावं असं काही नाही. जर्मनच्या मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, नदीची वाळू तापवायची, वाळूवर तेल लावलेला डबा ठेवायचा, वर ताट झाकायचं आणि ताटावर निखारे. वरून खालून सारखी धग. "हे तं आपल्या निखाऱ्यातल्या रोडग्यावानीच झालं," आई म्हणाली, पण वास सुटला तशी तीही पडवीत येऊन बसली. केळ्याचा तो भाजका, गोड वास… गल्लीतली माणसं दारात थांबून विचारायची, काय करून राहिले बाप्पा आज? खराट्याची धुतलेली काडी खुपसून पाहायची, काडी कोरडी निघाली की झालं. वहिनी तासभर शेगडीपाशी बसून असायची. मी म्हणायची, उठ नं, आपोआप होईल. ती म्हणायची, "हा सोडून जायचा पदार्थ नाही. याच्यापाशी माणूस लागते."

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना पांढुर्ण्याचं स्थळ आलं. संत्र्याचा बगीचा, पक्कं घर, मुलगा बँकेत. मुलगा पाहायला आला आणि मला आवडला. हसरा होता, माझ्याशी बोलताना खाली पाहत होता. दोन्हीकडून होकार झाल्यासारखाच होता, फक्त आमच्याकडच्यांनी घर पाहून यायचं बाकी होतं. बाबा आणि भाऊ निघाले तर वहिनी म्हणाली, मीही येते.

"बायका कायले जाते घर पाहायले?" बाबा म्हणाले.

"मामंजी, बैठक तुम्ही पाहा. स्वयंपाकघर मी पाहून येतो."

बाबांना हसू आलं आणि त्यांनी नेलं. जाताना तिनं सोड्याची पुडी तेवढी पदराला बांधली. बाकी सगळं कोणत्याही घरात असतंच.

संध्याकाळी ती परत आली. बाबा खुशीत होते, बगीच्याचं वर्णन करत होते. वहिनीनं हातपाय धुतले आणि मला मागच्या पडवीत बोलावलं. तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं मुलाबद्दल काही कळलं. ती हळू आवाजात सांगू लागली. त्या घरात थोरली सून आहे, निर्मला. नवऱ्या मुलाच्या मोठ्या भावाची बायको. तुझ्यापेक्षा जास्तीत जास्त वर्षा-दोन वर्षांनी मोठी असेल. वैशाखाच्या उन्हात पूर्ण बाह्यांचं पोलकं. वहिनीनं केक करून दाखवायला घेतला आणि केळी कुस्करताना निर्मलेची बाही वर सरकली तर मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आवळलेली, चकचकीत. सासू लगेच म्हणाली, "धांदरट आहे, स्टोव्हवर हात गेला." वहिनीनं निर्मलेकडे पाहिलं, तर तीही म्हणाली, "धांदरट आहे मी, स्टोव्हवर हात गेला."

"तेच शब्द, शोभा," वहिनी म्हणाली. "पाठ केल्यावानी."

सासू त्या दोघींना एकटं सोडतच नव्हती. केक शेगडीवर चढला, तेव्हा बैठकीत पाणी नेऊन द्यायला ती क्षणभर बाहेर गेली. तेवढ्यात निर्मलेनं मान खाली घालूनच विचारलं, "ताई, याले व्हायले किती वेळ लागते?"

"तासभर."

"मंग तासभर तुम्ही इथंच आहे नं?"

एवढंच. एवढंच विचारलं तिनं. पडवीत बसून वहिनीनं मला ते सांगितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तो काटा अजून येतो. एका माणसाला दिवसातला एक तास बिनधोक हवा होता, आणि तो तास केकच्या भाजण्यावर मोजला जात होता.

मी म्हटलं, बाबांना सांगू, नकार देऊन टाकू.  वहिनी म्हणाली, "तुझं लग्न तिथं होत नाही, ते माह्याकडे लागलं. पण आत्ताच नाही म्हटलं तं दार बंद होईल. मंग ती कोणाच्या भरवशावर राहील?" भावाला तिनं सांगितलं तेव्हा तोही घाबरला. "आपल्याले काय करायचं दुसऱ्याच्या घरात? ठाण्यात गेलो तरी ती पोरगी तेच सांगेल, स्टोव्हवर हात गेला." वहिनी म्हणाली, "कमलच्या शेजारचेही असंच म्हणाले होते. दुसऱ्याचं घर."  भाऊ म्हणाला, "बोल, काय करू?"

पुढचे काही आठवडे मी कसे काढले ते मला सांगता येत नाही. वहिनीच्या सांगण्यावरून भाऊ पांढुर्ण्याला निरोप पाठवत होता की पत्रिका दाखवून राहिलो, कळवतो. आईला आणि बाबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आई माझ्यासाठी शालूचे रंग ठरवत होती. पाहुणे म्हणत होते पोरीनं नशीब काढलं. मी मान डोलवायची. समजा वहिनीचं चुकलं तर? समजा ती मध्येच घाबरून गप्प बसली आणि खरंच तारीख निघाली तर? स्वप्नात मला पूर्ण बाह्यांची पोलकी दिसायची. त्या हसऱ्या मुलाचा चेहरा मी आठवून पाहायची. त्याला हे माहीत असेल का? एकाच छताखाली राहतो, माहीत नसेल कसं? या प्रश्नाची मला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

निर्मलेचं माहेर मोहगावला होतं. वहिनी मला घेऊन तिथे गेली. मैत्रिणीकडे चाललो असं आईला सांगितलं. निर्मलेचे वडील अंगणात खाटेवर बसले होते. माणूस कडक नव्हता, पण घाबरलेला होता. वहिनीनं हाताबद्दल सांगितलं तर म्हणाले, "माहीत आहे. मी गेलो होतो पाहायले. बैठकीत बसवलं, चहा दिला. पोरगी आली, मी सुखात आहे म्हणाली अन् अंदर गेली. आता मी काय जबरदस्ती करू? दिली पोरगी तं दिली."

 मग वहिनी जे बोलली ते तिनं आमच्या घरातही कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"काका, माही बहीण शेवटच्या दिवाळीले घरी आली होती. जायच्या दिवशी मले म्हणे, इंदू, आईले सांग, मले ठेवून घे. मी आईले सांगितलं. आईनं डबाभर लाडू दिले अन् गाडीत बसवून दिलं. म्हणाली, सुरुवातीले असंच असते. आमच्या घरातल्या डब्यातले लाडू संपले नव्हते, काका, अन् खबर आली."

दाराच्या आड निर्मलेची आई उभी होती हे तोवर मला दिसलंच नव्हतं. ती बाहेर आली. नवऱ्याकडे न पाहता वहिनीला म्हणाली, "कधी यायचं अन् कुठं, तेवढं सांगा. मी येतो."

वहिनीनं मग पांढुर्ण्याला कळवलं की तुम्हाला केक आवडला होता ना, तर एक दिवस येऊन नीट शिकवून जाते, आणि शोभालाही घेऊन येते, पोरगी घर पाहून घेईल. मुलाची आई खूश झाली. वहिनीनंच सुचवलं, गल्लीतल्या बायांनाही बोलवा, चार जणी चाखतील, होणारी सूनही पाहतील. बोलावणी गेली.

त्या दिवशी दुपारी आम्ही त्या घरात शिरलो तेव्हा माझ्या पायांत चपला आहेत की नाहीत हेही मला कळत नव्हतं. भाऊ बसस्टँडवर थांबला होता, निर्मलेच्या आईबरोबर. स्वयंपाकघर मोठं, स्वच्छ, भिंतीला नवा चुना. निर्मला कोपऱ्यात बसून कणीक चाळत होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत कीव होती. तिला वाटत असणार, ही पोरगी आता इथं येणार… वहिनीनं वाळू तापत ठेवली, मिश्रण डब्यात ओतलं, गंजात ठेवलं, ताटावर निखारे रचले. सगळं रोजच्यासारखं. मग म्हणाली, "एवढ्याशा केकनं गल्लीचं कसं भागंल? दुसरा डबा लावावा लागते. केळी संपली. निर्मलाबाई, आणता काय पटकन?"

"ती कायले?" सासू म्हणाली. "पोरगं खेळून राहिलं बाहेर, त्याले धाडतो."

 वहिनीचा चेहरा उतरत चाललेला मला दिसला. तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, "मीच जातो नं आत्याबाई. मले बाजारही पाहायचा आहे. पण रस्ता माहीत नाही… निर्मलाताईले सोबत द्या."

होणारी सून पहिल्यांदा काही मागत होती. सासूनं माझ्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. वहिनी शेगडीपाशी ठाण मांडून बसली होती, हातात चिमटा. पाहुणी बाई घरात बसलेली आहे म्हटल्यावर संशय कशाचा येणार? "जा," ती म्हणाली. "जल्दी या."

आम्ही बाहेर पडलो. मागे वळून पाहायचं नाही असं वहिनीनं बजावलं होतं. गल्ली संपेपर्यंत मी निर्मलेला काही सांगितलं नाही, मग हळूच म्हटलं, "तुमची आई बसस्टँडवर उभी आहे." ती थांबली नाही, रडली नाही. तसंच चालत राहिली. केळीवाल्याच्या गाडीपाशी मात्र ती थबकली आणि एकेक घड उचलून पाहू लागली.

"चला नं ताई," मी म्हटलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

"आधी केळी घेतो. केळी नाही नेली तं रागावतील."

मी तिचा हात धरला. चुकून तोच, भाजलेला. उन्हात चालत होतो आम्ही आणि तो हात गार पडला होता. मी ओढतच नेलं तिला. बसस्टँडवर तिची आई दिसली तेव्हा तिनं माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि आईला म्हणाली, "मले आता वापस नोको पाठवू." सौंसरची बस उभीच होती. मायलेकी चढल्या. बस हलली आणि मी आणि भाऊ उलट्या पावली त्या घराकडे धावलो, कारण वहिनी अजून तिथेच होती.

आम्ही पोचलो तेव्हा गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. केकच्या वासानं घर भरलं होतं. वहिनी मधोमध बसून सुरीनं तुकडे करत होती. तिच्या अगदी जवळ, हाताच्या अंतरावर, स्टोव्ह भर्रर पेटलेला होता. त्यावर बायांसाठी चहा उकळत होता. मी तिला त्याआधी कधीही पेटत्या स्टोव्हच्या इतक्या जवळ पाहिलं नव्हतं. तिनं पदर कमरेला घट्ट खोचला होता आणि कपाळावरून घाम वाहत होता. मला पाहताच तिचे डोळे माझ्यामागे कुणी आहे का ते शोधू लागले. मी मान हलवली. कुणी नाही.

"निर्मला कुठं आहे?" सासूनं विचारलं.

वहिनीनं आधी तुकड्यांचं ताट त्यांच्या पुढ्यात ठेवलं. मग सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आपल्या आईजवळ गेली. मीच धाडली. हात बरा होईस्तोवर राहील तिथं. अन् शोभाचं लग्न आम्हाले इथं करायचं नाही."

 स्टोव्हचा आवाज तेवढा येत होता. एका म्हाताऱ्या शेजारणीनं हातातला केक ताटात परत ठेवला, उठून स्टोव्हची चावी फिरवली आणि तो विझवला. "बरं केलं बाई," ती म्हणाली, कुणाकडेही न पाहता. गल्लीला सगळं ठाऊक होतं तर…

आम्ही फाटकाबाहेर पडतच होतो, तेवढ्यात मोटरसायकलवरून निर्मलेचा नवरा आला. बगीच्यातून आला असावा. त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानं पाहुणे म्हणून हसून नमस्कार केला. भावानंही हात जोडले. तो आत गेला आणि आम्ही कोपऱ्यापर्यंत चालत गेलो, मग पळत सुटलो. बसस्टँडवर आधी शोधतील म्हणून भावानं स्टेशन गाठलं. जी गाडी समोर आली तिच्यात चढलो, इटारसीकडची, घराच्या उलट दिशेची. तिगावला उतरलो. फलाटावरच्या बाकावर बसलो आणि तिथं वहिनी कापायला लागली. दातावर दात आपटत होते. तिला उलटी झाली. भाऊ तिची पाठ चोळत होता. जरा वेळानं ती म्हणाली, "त्याईनं स्टोव्ह मुद्दाम माह्याजवळ आणून ठेवला असं वाटलं मले. उठून पळावं वाटे. पण केक कच्चा होता. मधातच उठली असती तं बाई समजली असती अन् माणसं धाडली असती बाजारात."

लोक पुढे तिला शूर म्हणाले. ती शूर नव्हती. मी तिला तिगावच्या बाकावर पाहिलं आहे.

त्यानंतरचे दिवसही सोपे नव्हते. पांढुर्ण्याची माणसं जीप घेऊन आमच्या दारात आली, नाही नाही ते बोलली, पाहून घेऊ म्हणाली. पुढे कितीतरी महिने जीपचा आवाज आला की आई दार लावून घ्यायची. बाबा वहिनीशी बोलेनासे झाले. आपल्याला न विचारता हे सगळं केलं, पोरीचं नाव गावभर झालं, हा त्यांचा राग होता, आणि त्यांच्या जागी तो चुकीचा नव्हता. मग एक दिवस निर्मलेचे वडील मोहगावहून संत्र्यांची टोपली घेऊन आले. बाबांच्या पायाशी टोपली ठेवून त्यांनी हात जोडले. ते गेल्यावर बाबांनी एक संत्रं सोललं, अर्धं केलं आणि वहिनीला हाक मारली. "इंदू, घे." तेवढ्यावर ते मिटलं. निर्मला परत सासरी गेली नाही. पुढे मोहगावच्याच बालवाडीत लागली. माझं लग्न नंतर वर्ध्याला झालं. त्या घराचंही स्वयंपाकघर वहिनी आधी पाहून आली होती. तिनं बाहेर येऊन मला सांगितलं, "सासरा स्वतः चहा करून प्याला माह्यासमोर. जा बिनधास्त."

घरात गॅस आला तरी तिची भीती गेली नाही. दर थोड्या वेळानं ती शेगडीची बटणं तपासायची. अजयला वाटायचं हा वयाचा परिणाम. मीही त्याला तसंच वाटू दिलं.

तेरवीला मी सौंसरला गेले. माणसं जेवत असताना एक बाई मागच्या दारानं आत आली. केस पांढरे, अर्ध्या बाह्यांचं पोलकं. हातावरचे डाग उघडे. मी ओळखलं. निर्मला माझ्याजवळ बसली, वहिनीच्या फोटोकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "पहिल्या दिवशी मी विचारलं होतं नं, तासभर इथंच आहे नं म्हणून? त्याईनं काय सांगितलं माहीत आहे? म्हणाल्या, मलेही लई भेव वाटून राहिलं बाई, पण बसतो." वहिनीनं हे मला कधी सांगितलं नव्हतं.

जेवणं उरकल्यावर मी स्वयंपाकघर आवरायला गेले. हे घर नवं, आमचं जुनं पाडून भावानं बांधलेलं. अजयची बायको दुधाचं पातेलं झाकत म्हणाली, "आत्या, या दाराला बाहेरून एक कडी लावून घ्यावी म्हणते. मांजरं शिरतात, दूध सांडतात. आईंना कितीदा म्हटलं, त्या लावूच द्यायच्या नाहीत. घर बांधताना मिस्त्रीनं लावलेली कडी त्यांनी त्याच्यासमोर उपटून काढायला लावली म्हणे. का ते कधी सांगितलं नाही."

मी दाराकडे पाहिलं. चौकटीत चार भोकं होती, रंगानं अर्धवट बुजलेली. मी तिला सांगितलं, कारण भाऊ तर आधीच गेला होता, आता सांगणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं… बाहेरून कडी लागली की आतल्या बाईनं ओरडून काय करावं? वहिनीनं मला एकदाच सांगितलं होतं, कमलच्या सासरी दार बाहेरून बंद होतं.

 त्या पोरीनं दूध उचललं, फ्रिजमध्ये ठेवलं आणि दार होतं तसं उघडंच राहू दिलं.